जागतिक प्रदर्शनात बसून आलेली खुर्ची

मी एक जुनी घडीची खुर्ची आहे, मित्रांनो. लगेच नाक मुरडू नका. आज माझ्यावर मातीची एक कुंडी ठेवलेली आहे, कुंडीत एक मरतुकडं रोप आहे आणि त्या रोपाला घातलेलं पाणी झिरपून माझ्या कापडावर रोज नवा डाग पडतो, हे सगळं खरं आहे. माझा एक पाय करकरतो, हेही खरं आहे. पण या गॅलरीत माझ्याबरोबर पडलेली तुटकी बादली, दांडा नसलेला झाडू आणि सायकलचं एकटं चाक यांना जरा विचारा, की तुमच्यापैकी जागतिक प्रदर्शन कुणी पाहिलंय? बादली गप्प बसेल. मी मात्र पाहिलंय. थेट मधल्या मैदानात, मोठ्या छताच्या बरोबर खाली बसून पाहिलंय. आता मी बसले होते की माझ्यावर कुणी बसलं होतं, असले फाटे फोडू नका. गोष्ट ऐका.

माझा जन्म तंबू शिवायच्या कारखान्यात झाला. लांबलचक, बुटक्या छपराची ती खोली होती. तिथे जाड कापडाचा आणि दोऱ्याला लावायच्या मेणाचा वास भरून राहिलेला असे. ओळीने यंत्रं, प्रत्येक यंत्रापाशी एक शिवणारी बाई आणि सगळ्यांच्या तोंडाचा पट्टा यंत्रापेक्षा जोरात चाललेला. त्यातलीच एक माझी आत्या. खरं तर ती भिंगरीची आत्या, म्हणजे तिच्या भावाच्या मुलीची. पण घरात भिंगरीचाच आवाज सगळ्यांत जास्त असतो, त्यामुळे मलाही तेच नाव सवयीचं झालं.

त्या वर्षी कारखान्याला फार मोठं काम मिळालं होतं. जागतिक प्रदर्शनाच्या मधल्या मैदानावर ताणायचं एक प्रचंड छत शिवायचं होतं. ते इतकं मोठं होतं, की कारखान्यात उलगडायला जागाच नव्हती. म्हणून प्रत्येक बाईला एकेक पट्टी दिली. पट्टी शिवून झाली, की तिची गुंडाळी करून ती गाडीत जाई आणि पुढची सांधणी तिकडे मैदानावर होई. महिनोन् महिने सगळ्या जणी शिवत राहिल्या, बोटांना घट्टे पडले, पण आपण काय शिवतोय ते एकीनेही पाहिलं नाही. आत्या म्हणायची, "आपण म्हणजे हत्तीला सदरा शिवतोय, आणि तोही नुसत्या शेपटीचं माप घेऊन."

त्या पट्ट्यांमधून उरलेला एक तुकडा आत्याने उचलला. कारखान्यातल्या सुताराने मोडक्या तंबूच्या दांड्यांचे चार पाय करून दिले आणि मी झाले. म्हणजे ते छत माझं थोरलं भावंडच म्हणायचं. तोंड न पाहिलेलं, पण सख्खं. जेवणाच्या सुट्टीत आत्या माझ्यावर बसायची. हळूहळू माझी कीर्ती पसरली. एकदा व्यवस्थापक सहज टेकले आणि सुट्टी संपली तरी उठेनात. त्या काळात माझी फार चैन होती.

मग प्रदर्शन भरलं, गाजलं, संपत आलं. शेवटच्या आठवड्यात तिकडून कारखान्याला एक पास आला. एका कुटुंबाने एक दिवस यावं, असा. संपूर्ण कारखान्याला एक पास! चिठ्ठ्या टाकल्या आणि आत्याची निघाली. बाकीच्या जणींनी आधी तोंडं फुगवली आणि मग सगळ्या आत्याभोवती गोळा झाल्या.

"माझी पट्टी खांबाच्या डावीकडे आहे गं, दुहेरी टाक्याची. नीट बघून ये."

"माझ्या पट्टीला कडेला कड्या आहेत. त्या ताणाने फाटल्या नाहीत ना, ते बघ."

"माझीही बघ. आणि कशी दिसते ते जसंच्या तसं सांग. नाहीतर येशील नि म्हणशील, छान होतं!"

प्रदर्शन संपलं की छत उतरवून त्याचे तुकडे करणार होते. म्हणजे आत्याने पाहिलं तर पाहिलं, एरवी त्या शिवणाऱ्या बायकांपैकी कुणालाच ते कधी दिसणार नव्हतं. आत्याने सगळ्यांना "हो" म्हटलं. फक्त तिच्या शेजारच्या यंत्रावरची चष्मेवाली मान वर न करता म्हणाली, "छतात काय बघायचंय? पाणी गळत नाही ना, एवढं बघ म्हणजे झालं." तिचं बोलणं असंच होतं. कारखान्यात तिला कुणी फारसं मनावर घेत नसे.

आत्याने पास घरी आणला, बरोबर मलाही आणलं, आणि पास भाऊंच्या हातात पडला. इथेच सगळा घोळ झाला.

भाऊ म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ, भिंगरीचे बाबा. ते बसच्या आगारात वेळापत्रकं बनवायचे. कुठली गाडी कुठे किती थांबेल हे ते ठरवायचे आणि धावत येणाऱ्या प्रवाशासाठी गाडी थांबवणारा ड्रायव्हर हा त्यांच्या लेखी दरोडेखोर होता. पास बघताच त्यांच्या अंगात वारं शिरलं. प्रदर्शनाचा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरून त्यांनी दिवसाचं वेळापत्रक आखलं. एकेका देशाचं दालन म्हणजे एकेक थांबा. आत शिरायचं, बाहेर पडायचं, पुढे चालायचं. जेवणाला वेळ ठेवलेला नव्हता. ते चालता चालता उरकायचं होतं.

"ताई, तू निश्चिंत राहा," ते म्हणाले. "एकही दालन सुटणार नाही."

"मला एकच गोष्ट बघायचीय," आत्या म्हणाली.

"कुठली?"

"छत."

"छत येता-जाता दिसेल की! त्याला ना आत जायचं दार, ना बाहेर पडायचं. तिथे थांबा देऊ तरी कसा मी?"

"अरे, पण वारा सुटला की ते उतरवतात म्हणे."

"वारा कुठाय आत्ता? शेवटी बघू. तो आपला शेवटचा थांबा."

आत्याने फार ताणलं नाही. निघायच्या दिवशी तिने मला काखोटीला मारलं. "ही कशाला आता?" असं भाऊंनी विचारल्यावर ती म्हणाली, "तुझ्या वेळापत्रकात बसायला कुठे जागा आहे का?" आणि अशा तऱ्हेने मी जागतिक प्रदर्शनाला निघाले. माझा आनंद गगनात मावत नव्हता, हे मी कबूल करते.

मित्रांनो, प्रदर्शन मी पाहिलं ते माणसांच्या गुडघ्यांच्या उंचीवरून. त्यामुळे जगातल्या चपलाबुटांची मला उत्तम माहिती आहे. दालनांबद्दल मात्र फारसं सांगता येणार नाही, कारण भाऊंनी आम्हाला अक्षरशः पिटाळलं. एका दालनात बर्फाचा डोंगर होता. "बघितला? चला." एका दालनात आपोआप वाजणारं वाद्य होतं. ते सुरू व्हायच्या आत आम्ही बाहेर होतो.

"बाबा, त्या मघाच्या दालनात काय होतं?" भिंगरीने विचारलं.

"दालन होतं," भाऊ म्हणाले. "चल, उशीर होतोय."

एका देशाने आपल्या दालनात नुसता काळोख ठेवला होता. का ठेवला होता, ते त्या देशालाच ठाऊक. पण वहिनीला ते दालन सगळ्यांत आवडलं. वहिनी, म्हणजे भिंगरीची आई, दवाखान्यात नर्स होती आणि सकाळपासून सगळ्यांच्या टाचांवर पट्ट्या चिकटवत होती. काळोखात तिला बूट काढून भिंतीला टेकता आलं आणि कुणाला ते दिसलं नाही. तिला तिथून बाहेर काढताना भाऊंच्या नाकी नऊ आले.

आणि या सगळ्या धावपळीत, मान वळवावी तिकडे ते छत दिसत होतं. पण दुरून आणि बाहेरून. नुसतं एक पांढरं टेकाड. शिवणी, पट्ट्या, कड्या, जे काही बघण्यासारखं होतं ते सगळं आतल्या बाजूला होतं. आत्या रांगेत बसल्या बसल्या तिकडे बघायची, भाऊ "चला" म्हणाले की उठायची आणि मला उचलायची. मला तिची फार दया येत होती. मला तोंड असतं तर मी भाऊंना चांगलं फैलावर घेतलं असतं.

दुपार कलली. आता भविष्याच्या दालनाची रांग आली. पुढच्या काळात माणसं कशी राहतील ते आत दाखवणार होते, त्यामुळे ती रांग मैदानाला वळसा घालून गेली होती. आमच्या पुढे बँडमधला एक ढोलवाला उभा होता. लाल गणवेश, पोटावर भलामोठा ढोल, आणि ढोलाशी स्पर्धा करणारं खुद्द पोट. तो घामाघूम होऊन आत्याला म्हणाला, "बाई, दोन मिनिटं टेकू का?"

"बसा की," आत्या म्हणाली. तिचं काय जातंय! तो बसला आणि माझे चारही पाय एकमेकांचा निरोप घेऊ लागले. कापड ताणलं, दांडे कुरकुरले, पण मी तंबूच्या कारखान्यातली होते. मी धरून राहिले. त्याने ढोलावर डोकं टेकवलं आणि लगेच घोरायला लागला.

रांग सरकली. ढोलवाला सरकला नाही.

"ताई, उठव त्याला!" भाऊ कुजबुजले.

"झोपलेल्या माणसाला कसं उठवू? सकाळपासून बडवत असेल बिचारा."

"अगं, लोक पुढे चाललेत!"

"जाऊ देत."

लोक आम्हाला वळसा घालून पुढे जात राहिले. भाऊ वेळापत्रकाकडे बघत, डोक्यावरून हात फिरवत येरझाऱ्या घालू लागले. शेवटी दालनाच्या दारातून एक माणूस बाहेर आला आणि त्याने दारावर पाटी लटकवली: 'भविष्य दुरुस्तीसाठी बंद आहे.' भाऊंचा चेहरा असा पडला, की वहिनीला हसू आवरेना. आणि तेवढ्यात कर्ण्यातून आवाज आला, "वारा वाढत आहे. मधलं छत आत्ता उतरवण्यात येत आहे. मैदान रिकामं करावं."

आत्याच्या तोंडचं पाणी पळालं. दिवसभर मुकाट चालणारी माझी आत्या, मित्रांनो, ताडकन उठली असती, पण ती उभीच होती. म्हणून तिने ढोलवाल्याचा दंड गदागदा हलवला.

"उठा! उठा हो! माझं छत चाललं!"

"कुणाचं काय चाललं?" ढोलवाला दचकून उठला. त्याचं बूड हललं न हललं तोच आत्याने मला ओढलं आणि घडी करत धाव ठोकली. तिच्यामागे भिंगरी, तिच्यामागे एक बूट हातात घेतलेली वहिनी, तिच्यामागे "ताई, अगं, इकडून जवळ आहे!" असं ओरडत भाऊ. मैदानातून सगळी गर्दी आमच्या समोरून बाहेर येत होती. आम्ही उलटे आत चाललो होतो. धक्क्यांमुळे एक पाऊल पुढे पडेना.

तेव्हा मागून ढोल वाजू लागला. काय चाललंय हे त्या ढोलवाल्याला अजिबात कळलं नव्हतं, पण खुर्चीचे उपकार तो विसरला नव्हता. तो धमाधम बडवत आमच्या पुढे घुसला आणि लोक मिरवणूक समजून आपोआप बाजूला झाले. एकाने टाळ्याही वाजवल्या.

मैदानाच्या कडेला साखळी लावलेली होती. दोर सोडणाऱ्या माणसांची मुकादम तिथे उभी होती. दणकट बाई, हातात जाड मोजे, कपाळावर आठ्या.

"खाली कुणी थांबायचं नाही," ती म्हणाली. "मागे व्हा."

"मला फक्त बघायचंय," आत्या धापा टाकत म्हणाली.

"दिवसभर होतं की इथे. दिवसभर काय करत होता?"

 तिने भाऊंकडे बघितलंसुद्धा नाही. तिने मला नुसतं पोटाशी घट्ट धरलं. भाऊंनी ते पाहिलं. त्यांनी वेळापत्रकाचा बोळा करून खिशात कोंबला आणि ते पुढे झाले.

"मुकादमबाई, गाडी जरा उशिरा सोडा," ते म्हणाले.

"कुठली गाडी?"

"म्हणजे छत. चूक माझी आहे. मी हिला दिवसभर पळवलं. हे छत हिने शिवलंय हो, हिने आणि हिच्या मैत्रिणींनी. आणि एकीनेही पाहिलेलं नाही."

मुकादम आत्याकडे वळली. "तुम्ही शिवलंय हे?"

"एक पट्टी," आत्या म्हणाली.

"किती जड केलंय! दर वेळी घडी घालताना आम्ही तुम्हाला शिव्या देतो."

"शिवताना आम्हीही दिल्यात," आत्या म्हणाली.

मुकादम एकदम खो खो हसली. तिने साखळी काढली. "जा. बाकीचे दोर सुटलेत, हा एक मुख्य दोर धरलाय तोवर ते वर राहील. आमचे हात भरून आले, की सोडणार. मग मला बोलायचं नाही."

आत्या पळत मधोमध गेली, मला उघडून टेकवलं आणि बसली. आणि इकडे भाऊ, ज्यांनी आयुष्यात एका प्रवाशासाठी गाडी थांबवू दिली नव्हती, ते धावत जाऊन त्या दोराला लोंबकळले. त्यांच्यामागे वहिनीने धरलं, भिंगरीने वहिनीची कंबर धरली आणि ढोलवाल्याने सगळ्यांत शेवटी दोराचं टोक आपल्या पोटाभोवती गुंडाळून जमिनीवर फतकल मारली. त्याच्यामुळे तर दोर जागचा हलेना.

आत्याने मान वर केली.

मित्रांनो, ते कसं सांगू तुम्हाला? खांबापासून चहूकडे पट्ट्या पसरत गेल्या होत्या, लांब, लांब, नजर पोचेपर्यंत. वाऱ्याने ते सगळं कापड फुगायचं, खाली यायचं, पुन्हा फुगायचं. माझ्या अंगावर त्याच कापडाचा वीतभर तुकडा, आणि वर हे एवढं! मला अभिमानाने रडू आलं असतं, पण खुर्च्यांना तशी सोय नसते. आत्याला मात्र होती. "अगं बाई," ती म्हणाली, "केवढं हे!" आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"ताई, झालं का बघून?" भाऊ दोरावरून ओरडले. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"थांब रे!" आत्या ओरडली.

भाऊ थांबले. वारा जोर करत होता, सगळ्यांचे हात भरून आले होते, पण दोर कुणी सोडला नाही. आत्या डोळे पुसत होती आणि ते पुन्हा भरत होते. मधेच ती रडता रडता फिस्सकन हसली. मग मुकादम आली, तिने आत्याच्या खांद्यावर हात ठेवला, आम्ही बाजूला झालो आणि छत हळूहळू खाली आलं.

परतीच्या वाटेवर भाऊ सगळ्यांच्या मागून सावकाश चालत होते. त्यांच्या तळहातांना वहिनीने पट्ट्या बांधल्या होत्या. भिंगरीने विचारलं, "बाबा, तिथे काय होतं?" तेव्हा ते म्हणाले, "आत्याला विचार. ती सांगेल."

आणि आत्याने सांगितलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळा कारखाना तिच्याभोवती बसला. ती हातवारे करत सांगत होती, छत कसं फुगतं, खांब कसा वाजतो, खाली उभं राहिलं की आपण मुंगीएवढे कसे होतो. डब्यातलं अन्न तसंच राहिलं होतं. मग एकेक जण विचारू लागली.

"माझी पट्टी दिसली?"

"दिसली म्हणजे? बरोब्बर खांबाच्या डावीकडे. काय सुरेख ताणली होती!"

"आणि माझ्या कड्या?"

"एक निखळली नाही. लखलखत होत्या."

मी तिच्या खालीच होते, मित्रांनो. मला ठाऊक होतं, की तिला त्यातलं काही दिसलेलं नव्हतं. डोळ्यांत एवढं पाणी असताना दुहेरी टाका कुठून दिसणार? पण तिने एकीलाही विन्मुख पाठवलं नाही. प्रत्येक जण हसत, मान ताठ करून आपल्या यंत्राकडे गेली.

चष्मेवाली शेवटपर्यंत काही विचारायला आली नाही. सगळ्या पांगल्यावर ती आली आणि आत्या उठताच माझ्यावर बसली.

"गळत नव्हतं ना?" तिने विचारलं.

"नाही," आत्या म्हणाली.

"आणि माझी पट्टी..." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "माझी शिवण वाकडी गेली होती. डोळे आले होते तेव्हा माझे. तू खोटं सांगू नकोस."

आत्या खाली वाकली आणि तिच्या कानाशी बोलली. मी मधेच होते म्हणून मला ऐकू आलं. "वाकडी होती," ती म्हणाली. "चांगली वाकडी. म्हणून तेवढी एकच मला ओळखता आली. एवढ्या मोठ्या छतात आपल्यातली कुणीतरी दिसली बाई, आणि मला हसूच आलं."

 चष्मेवाली उठली, तिने चष्मा पुसला आणि जाताना माझं कापड दोन्ही हातांनी झटकलं, पायांमधली धूळ पुसली आणि नीट घडी करून मला भिंतीशी उभं केलं. इतक्या लोकांचा भार मी वाहिला, पण असं मला कुणी ठेवलं नव्हतं. तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी घडीची खुर्ची असेल, तर तिला पाण्यात भिजवू नका, बसून झाल्यावर तिला एकदा झटका. आणि मोठ्या गावाला, मोठं काही बघायला गेलात, की जरा बसा आणि नीट बघा. घरी कुणीतरी वाट बघत असतं, आपलं त्यात काही दिसलं का, हे विचारायला.